गाडीचं पोट घासतंय? मोठे टायर घेण्याआधी हे हिशोब करून बघा

नाशिकमध्ये थार, जिमनी, बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेतलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात कोणीतरी सांगतं, "टायर मोठे टाक, गाडी मस्त उंच होईल." गाडी उंच होते हे खरं आहे. पण नेमकी किती, आणि त्यासाठी अ‍ॅव्हरेज, ब्रेक, पिकअप यातलं काय आणि किती द्यावं लागतं, हे दुकानात कोणी कागदावर मांडून दाखवत नाही. या लेखात तेच करायचं आहे. माझं मत आधीच सांगतो: आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्यांना कंपनीचाच साइज किंवा त्याच्या पुढची एकच पायरी, शक्य तितकी हलकी आणि एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीच्या) नक्षीची, एवढं पुरतं. उरलेलं काम हवेच्या दाबाने होतं. हे का म्हणतो ते पुढच्या आकड्यांवरून कळेल.

पहिली पायरी : गाडी खरंच कुठे फिरते?

वर्षाचे किलोमीटर कागदावर तीन भागांत मांडा. शहर आणि कंपनी, म्हणजे गंगापूर रोड, सातपूर, अंबड, द्वारका. मग हायवे: कसारा घाटातून मुंबई, सिन्नरमार्गे पुणे, समृद्धी. आणि तिसरा भाग डांबर सुटल्यानंतरचा. दर आठवड्याला भटकणाऱ्या माणसाचाही हा तिसरा भाग सहसा एकूण किलोमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच निघतो. म्हणजे टायर ज्या वाटेसाठी निवडताय तिच्यापेक्षा नऊपट अंतर तो डांबरावर आणि काँक्रीटवर झिजणार आहे. शेतावर रोज जाणाऱ्याचं गणित अर्थातच वेगळं.

मग त्या तिसऱ्या भागातली जमीन कसली, ते लिहा. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हा आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा: धो धो पाऊस, मुरूम, मध्येच उघडा काळा पाषाण, ओहोळ आणि फरशी पूल. पूर्वेकडे आणि मध्यभागात निफाड, येवला, दिंडोरीचा काही पट्टा: काळी चिकण माती आणि पाणंद रस्ते. उत्तरेला बागलाणात साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याला सुटे दगड आणि कोरड्या नाळी. दगडाला जाड साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) लागते, मुरमाला पकड आणि काळ्या मातीला मडगार्डमधली मोकळी जागा. एकाच टायरने तिन्ही गोष्टी पूर्ण मिळत नाहीत, म्हणून तुमची जमीन कोणती हे आधी ठरलं पाहिजे.

दुसरी पायरी : घासतं काय, ते बघा

ही पायरी सगळेजण टाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात.

गाडी वॉशिंगला खालून धुऊन घ्या. रॅम्पवर असतानाच टॉर्च मारून नवे ओरखडे शोधा आणि फोटो काढून ठेवा. ओरखडे मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली असतील, तर टायर हा खरा उपाय आहे. सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या ठिकाणी डिफरन्शियल फक्त टायरनेच उचलला जातो. सस्पेन्शनला लिफ्ट किट टाकलं की बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सल जिथल्या तिथेच राहतो. थारला असा सलग अ‍ॅक्सल मागे आहे, जिमनीला पुढेमागे दोन्हीकडे.

ओरखडे साइड स्टेपला असतील तर मात्र टायरकडे वळूच नका. बाहेरून बसवलेले बरेचसे फूटस्टेप गाडीच्या मूळ रेषेच्या चांगलेच खाली लोंबतात. ते काढले किंवा वर घेऊन बसवले, की जो फायदा मिळतो तो कुठल्याही टायरला देता येत नाही. पुढच्या बंपरची खालची पट्टी घासत असेल, तर अडचण चढाला भिडतानाच्या कोनाची आहे. तिथे बंपर बदलणं किंवा चढाच्या सुरुवातीला सरळ न भिडता थोडं तिरकं जाणं उपयोगी पडतं.

आता वाट मोजा. नेहमीच्या रस्त्यावर, समजा हरिहरकडे निरगुडपाड्याच्या बाजूला किंवा तुमच्या शेताच्या पाणंदीवर, जिथे पोट लागतं तिथे उतरा. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा असतो त्याच्या माथ्यावर एक सरळ काठी आडवी टेकवा, अशी की तिचं टोक चाकोरीवर येईल. काठी सपाट धरून टोकापासून चाकोरीच्या तळापर्यंत टेप लावा. आला तो आकडा म्हणजे तुम्हाला लागणारी उंची. पाच-सहा ठिकाणी मोजा. मग घरी सपाट फरशीवर गाडी उभी करून डिफरन्शियलच्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून जमिनीपर्यंत मोजा. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची, कंपनी २२६ मिमी सांगते, जिमनीचा २१० मिमी. माणसं आणि सामान भरल्यावर बॉडी खाली बसते, म्हणून नेहमीच्या वजनासकट मोजलेलं बरं.

उंचवटा २५० मिमी आणि गाडी २२० मिमी असेल, तर तूट ३० मिमीची. ही तूट टायरने भरायची म्हटली तर काय होतं ते आता पाहू.

तिसरी पायरी : साइजचं गणित

टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं असतं. २४५ ही मिमीमधली रुंदी. ७५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १८३.७५ मिमी. १६ हा रिमचा व्यास इंचात, त्याला २५.४ ने गुणायचं. साइडवॉल दोनदा आणि रिम एकदा धरून बेरीज केली की पूर्ण व्यास येतो: ३६७.५ अधिक ४०६.४, म्हणजे ७७३.९ मिमी.

आता लक्षात ठेवायची गोष्ट. व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची गाडीखाली मिळते, कारण उरलेली निम्मी अ‍ॅक्सलच्या वर जाते.

थारचे हिशोब बघा. २०२० ची थार कंपनीतूनच दोन साइजमध्ये आली, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. दुसऱ्याचा व्यास ७८८.७ मिमी. म्हणजे अठरा इंची चाकाने उंची जेमतेम ७ मिमी जास्त मिळते, पण साइडवॉल १८ मिमीने कमी होते. दगडात फिरणाऱ्याने सोळा इंची चाकच ठेवावं असं मी म्हणतो ते यासाठी. मोठ्या रिमने गाडी देखणी दिसते, पण साल्हेरच्या दगडांत रिमचा काठ वाचवते ती रबराची उंची.

२४५/७५ आर १६ वरून २६५/७५ आर १६ वर गेलात तर व्यास ८०३.९ मिमी, वाढ ३.९ टक्के, क्लिअरन्स १५ मिमी जास्त. २८५/७५ आर १६ वर गेलात तर व्यास ८३३.९ मिमी, वाढ पावणेआठ टक्के, क्लिअरन्स ३० मिमी. म्हणजे आपल्या उदाहरणातली ३० मिमीची तूट भरायला थेट २८५ लागतो, आणि त्याच्यासोबत लिफ्ट, मडगार्डची काटछाट, बहुधा रुंद रिम, असं सगळं लटांबर येतं.

जिमनीचा मूळ १९५/८० आर १५ हा ६९३ मिमी व्यासाचा आहे. अनेकजण २१५/७५ आर १५ टाकतात, त्याचा व्यास ७०३.५ मिमी. उंचीचा फायदा ५ मिमी. एवढी उंची तर झिजलेला टायर काढून त्याच साइजचा नवा टाकला तरी मिळते, कारण नव्या एटी टायरची नक्षी झिजलेल्यापेक्षा पाच-सहा मिमी खोल असते. म्हणून तुलना करताना नवीन टायरशी नवीनच धरा. जिमनीला २१५ टाकायचा असेल तर पकड आणि रुबाब यासाठी टाका, उंचीसाठी नाही.

व्यासातला बदल तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा टायरच्या धंद्यातला जुना दंडक आहे. तोवर स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरचं गणित फारसं बिघडत नाही.

चौथी पायरी : अ‍ॅव्हरेज कुठून गळतं?

मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज पडतं हे सगळे सांगतात, पण ते चार वेगवेगळ्या वाटांनी पडतं आणि प्रत्येकीवर उपाय निराळा आहे.

पहिलं वजन. मोठा, त्यातून एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामासाठीच्या) बांधणीचा टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येकी पाच-सहा किलोने सहज जड असतो, आणि हे वजन फिरतं असतं. शहरात सिग्नलला थांबून पुन्हा निघताना प्रत्येक वेळी ते फिरवावं लागतं. कसारा घाट उतरताना तेच वजन ब्रेकला थांबवावं लागतं. त्यात चाकाचा व्यास वाढला की तेवढ्याच ब्रेकने थांबवण्याची ताकदही त्या प्रमाणात घटते. दुकानात विचारून वजन कळलं नाही तर टायर सरळ काट्यावर ठेवायला सांगा. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये तीन-चार किलोंचा फरक निघू शकतो, आणि हलका निवडायला एक पैसा जास्त लागत नाही.

दुसरं, रबर वाकताना वाया जाणारी ताकद, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. तो १० टक्क्यांनी वाढला की इंधन साधारण १ ते २ टक्के जास्त लागतं. नक्षी जितकी खोल आणि मोकळी तितकं हे वाढतं, म्हणून एचटीपेक्षा (हायवेसाठीच्या नक्षीपेक्षा) एटी आणि एटीपेक्षा एमटी (चिखलासाठीची नक्षी) जास्त पितो. माझ्या मते साइजपेक्षा नक्षीच्या निवडीने अ‍ॅव्हरेज जास्त हलतं. कंपनीच्याच साइजचा एमटी टायर, एक पायरी मोठ्या एटीपेक्षा इंधनात महाग पडू शकतो.

तिसरा वारा. रुंद टायर आणि उंच झालेली गाडी हवेला जास्त अडते. पण इथे वेग टायरपेक्षा मोठा गुन्हेगार आहे: ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. समृद्धीवर १२० ने जाऊन टायरला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथा गिअर. व्यास चार टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्के लांब झाला. सपाट हायवेवर आरपीएम थोडे कमी दिसतात आणि लोक खूश होतात. पण सावळघाटात जिथे गाडी तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. ३०० न्यूटन मीटर टॉर्कच्या डिझेल थारला हे कमी जाणवतं. जिमनीचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटरचं आहे, तिला लगेच जाणवतं.

याचे पैसे किती? वर्षाला १५,००० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १२ आणि डिझेल ९० रुपये धरा. लागणारं डिझेल १,२५० लिटर. अ‍ॅव्हरेज ५ टक्के पडलं तर वर्षाला सुमारे ६६ लिटर जास्त, म्हणजे सहा हजारांच्या जवळपास. १० टक्के पडलं तर १३९ लिटर, साडेबारा हजार. टायरचे सेट तीन वर्षं चालले तर दुसऱ्या प्रकारात साडेसदतीस हजार रुपये निव्वळ डिझेलमध्ये जातात. तुमचे आकडे घालून हाच हिशोब करा आणि मग ते १५ किंवा ३० मिमी तेवढ्याचे आहेत का, हे स्वतःला विचारा.

पाचवी पायरी : रुंदी वाढवायची का?

उंचीसोबत रुंदी वाढलीच पाहिजे असं नाही. आपल्याकडच्या जमिनीला उलट अरुंद आणि उंच टायर जास्त मानवतो. इगतपुरी-त्र्यंबककडे वरच्या चिखलाखाली बहुतेक ठिकाणी मुरूम किंवा दगड लागतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला भिडतो, रुंद टायर वरच घसरतो. अरुंद टायर वजनाला हलका असतो आणि हवेला कमी अडतो, म्हणजे अ‍ॅव्हरेजही वाचतं. वाळूत रुंद टायर कामाचा, पण वाळूत आपण जातो कितीदा?

काळ्या मातीची गोष्ट मात्र निराळी आहे आणि ती मोठ्या टायरच्या विरोधात जाते. निफाडकडच्या एखाद्या पाणंदीवर सप्टेंबरात गाडी घालून बघा. माती आधी नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मग थरावर थर चढून ती मडगार्डच्या आत लादीसारखी दाबून बसते. टायर आणि मडगार्डमधलं अंतर बोटभर उरलं असेल तर चाक अक्षरशः जाम होतं. मग पहारीने किंवा खुरप्याने माती उकरत बसावं लागतं. मोठा टायर नेमकी तीच मोकळी जागा खातो. ज्यांचं शेत काळ्या रानात आहे त्यांनी साइज मुळीच वाढवू नये, फक्त मोकळ्या नक्षीचा टायर घ्यावा, आणि पाऊस थांबल्यावर रस्ता दोन दिवस वाळू द्यावा.

सहावी पायरी : दुकानात काय तपासायचं

नाशिकची एक चांगली बाजू म्हणजे थार इथेच बनते आणि सिएटचा कारखानाही सातपूरला आहे, त्यामुळे या साइजचे टायर आणि ते हाताळणारे कारागीर शोधत फिरावं लागत नाही. तरी स्वतः डोळ्यांनी बघून घ्यायच्या गोष्टी आहेत.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, त्यावरून तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं: २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. आयएसआयची खूण असलीच पाहिजे. एलटी टायरची साइडवॉल जाड असते, दगडात ती टिकते. पण तो जड असतो, कडक बसतो आणि तेवढंच वजन पेलायला जास्त हवा मागतो. आठवड्यातून एकदा पहिन्याला भजी खायला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

रिमची रुंदी नव्या टायरला चालते का, ते टायर कंपनीच्या तक्त्यात बघा. स्पेसर (चाकामागे बसवायची जाड चकती) लावून टायर बाहेर काढायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, बेअरिंगवरचा भार वाढतो.

पैसे देण्याआधी एकच टायर पुढे बसवून घ्या. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आणि दोन्ही वेळा आतून हात घालून लायनर, चेसिस आणि अँटी-रोल बारपासूनचं अंतर बघा. मग समोरचं एक चाक दुकानाच्या पायरीवर किंवा उंच गतिरोधकावर चढवून तेच पुन्हा. सपाटीवर न घासणारा टायर सस्पेन्शन दबल्यावर घासतो. रिव्हर्समध्येही वळवून बघा.

टायर पाच घ्यायचे, चार नाही. थारसारख्या गाड्यांत फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढचे-मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले जातात; स्टेपनी लहान व्यासाची असेल तर त्या फरकाचा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) येतो. थार आणि जिमनीची स्टेपनी मागच्या दाराला लटकते, म्हणून जड टायरचा भार बिजागरीवर पडतो हेही ध्यानात ठेवा.

सातवी पायरी : कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदलाला कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या मॉडेलच्या कुठल्याही व्हेरियंटला कंपनी देते तो साइज सगळ्यात निर्धोक. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर हातात घ्या. अपघातानंतर सर्व्हेअरच्या तोंडून कळण्यात शहाणपण नाही.

वेगाचंही बघा. २८५/७५ टाकल्यावर काटा १२० दाखवत असला तरी मूळ मापाच्या हिशोबाने वेग १२९ होतो. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, म्हणून सगळाच फरक दिसणार नाही, पण समृद्धीची मर्यादा १२० आहे आणि कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा साइज माहीत नसतो.

आठवी पायरी : हवा

मुरूम आणि ओल्या चढावर २२ ते २५ पीएसआयवर आलात तरी पकडीत पडणारा फरक पाहून थक्क व्हाल. कंपनीच्या साइजमध्ये हे फुकट मिळतं. पण हवा काढली की टायर बसतो आणि उंचीचे काही मिमी जातात, शिवाय फुगलेली साइडवॉल दगडाच्या धारेसमोर उघडी पडते. म्हणून साल्हेर किंवा हरिहरच्या दगडाळ वाटेवर फार खाली उतरू नका. डांबराला लागण्याआधी हवा भरा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि चांगला गेज गाडीत असायलाच हवा. हवा भरेपर्यंत वेग ४० च्या आत. चारही टायरमध्ये दर एक पीएसआय कमी हवेला सरासरी ०.२ टक्के इंधन जास्त लागतं, म्हणजे दहा पीएसआय कमी ठेवून मुंबई गाठली की दोन टक्के तिथेच गेले, टायर तापला तो वेगळाच.

नवे टायर बसल्यावर अ‍ॅव्हरेज खरं मोजायचं कसं

मोठ्या टायरने ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो. त्यामुळे अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षापेक्षा जास्त घटल्यासारखं दिसतं. समजा आधी १२.५ मिळत होतं, आणि २६५/७५ टाकल्यावर ओडोमीटरवर ५०० किलोमीटर आणि ४२ लिटर असा हिशोब आला. साधा भागाकार ११.९ येतो. पण खरं अंतर ५०० गुणिले १.०३९, म्हणजे सुमारे ५१९ किलोमीटर. खरं अ‍ॅव्हरेज १२.४ च्या जवळ.

हा गुणक कागदी गणितावर सोडू नका, मोजून काढा. टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने एकाच रेषेत खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. हेच जुन्या टायरवर, काढण्याआधी करून ठेवा. नव्याला जुन्याने भागलं की तुमच्या गाडीचा गुणक मिळतो. मग एकाच पंपावर, एकाच नोझलला, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरून तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. घाट, शहर आणि हायवे यांचं प्रमाण आधीसारखंच ठेवा. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या, आणि हजार किलोमीटरवर अलाइनमेंट तपासा. तिरकं चाललेलं चाक, टायर कितीही योग्य साइजचा असला तरी, रबर आणि डिझेल दोन्ही खात राहतं.